मिस्त्रीला बोल लावण्याआधी ओल मोजा

पावसाळा मुरायला लागला की मला फोन येऊ लागतात. ‘मॅडम, लाकडी फरशी फुगलीय. मिस्त्रीनं वाट लावली.’ ठाणे, मुलुंड, पवई, बाणेर, बावधन. पत्ते बदलतात, वाक्य तेच असतं. मी सिव्हिल इंजिनीअर आहे. बिघडलेल्या लाकडी फरश्या तपासायच्या आणि बिघाडाचं कारण लेखी द्यायचं, हे माझं काम. या कामाच्या आधारावर मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. मी पाहिलेल्या बहुतेक फरश्या मिस्त्रीने पहिली फळी हातात घेण्याआधीच बिघडलेल्या होत्या. बिघाडाचा निर्णय तारखा ठरवणाऱ्यांच्या टेबलावर झाला होता, आणि पैसे कापले गेले ते गुडघ्यांवर बसून फळ्या जोडणाऱ्या माणसाचे. हे थांबायला हवं.

ज्या फरशीबद्दल मी बोलतेय तिला बाजारात ‘इंजिनीअर्ड वुड’ म्हणतात. वर खऱ्या ओकचा, अक्रोडाचा किंवा सागाचा थर, बहुधा २ ते ४ मिलिमीटरचा, उत्तम मालात ६ मिलिमीटरपर्यंत. त्याखाली प्लायवूडचा किंवा पाइन-स्प्रूसच्या पट्ट्यांचा गाभा. थरांचे तंतू एकमेकांना काटकोनात ठेवलेले असतात, आणि सगळी करामत तिथेच आहे. लाकूड ओलाव्याने फुगतं ते तंतूंच्या आडव्या दिशेने. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. त्यामुळे एका थराला फुगावंसं वाटलं तरी दुसरा थर त्याला धरून ठेवतो. स्वीडनमधल्या नीब्रू गावच्या गुस्ताव केर यांनी, दारं पिळवटू नयेत म्हणून चाललेल्या खटपटीतून, ही युक्ती फरशीसाठी वापरली आणि १९४१ साली तिचं पेटंट घेतलं. दुकानदार ‘हे लाकूड फुगत नाही’ असं सांगतो ते या युक्तीच्या जोरावर.

फुगत नाही हे मात्र खरं नाही. कमी फुगतं, एवढंच खरं. अखंड ओकच्या फळ्या ४ मीटर रुंदीच्या खोलीत टाकल्या आणि लाकडातला ओलावा ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला, तर सगळ्या फळ्यांची मिळून रुंदी पाच-सहा सेंटिमीटरने वाढू पाहते. थर दिलेल्या फळीत हा आकडा कित्येक पटींनी खाली येतो, शून्यावर येत नाही. कारखान्यातून ही फळी साधारण ५ ते ९ टक्के ओलावा घेऊन निघते. ३० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. तीच आर्द्रता ८० टक्के झाली की लाकूड १५ टक्क्यांकडे सरकतं. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ८० टक्के हा नेहमीचा आकडा आहे. खोक्यातल्या माहितीपत्रकावर मात्र घरातली आर्द्रता ३५ ते ५५ टक्के, फार तर ६० टक्के ठेवा असं छापलेलं असतं. ते पत्रक ज्या देशात लिहिलं गेलं तिथे ते योग्यच असेल. पवईच्या बंद फ्लॅटमध्ये जुलैत ही हवा एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवल्याशिवाय मिळत नाही, हे ग्राहकाला खरेदीच्या वेळी सांगणारा विक्रेता मला क्वचितच भेटतो.

हवेचं एक वेळ सांभाळता येतं. खरा प्रश्न खालचा आहे.

आपल्याकडे काँक्रीटला पाणी मारण्याची शिस्त चांगली आहे. वॉचमनपासून मुकादमापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की आठ-दहा दिवस पाणी मारलं नाही तर काम कच्चं राहतं. अगदी बरोबर, त्याशिवाय सिमेंटला ताकद येत नाही. पण सिमेंटला पुरतं त्याहून बरंच जास्त पाणी स्लॅबमध्ये आणि वरच्या कोब्यात असतं, आणि उरलेलं पाणी वाफ होऊन निघून जायला वेळ लागतो. ब्रिटनमधला ठोकताळा असा आहे की पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत कोबा दिवसाला १ मिलिमीटर या गतीने वाळतो आणि त्यापुढे आणखी हळू. म्हणजे दोन इंचांच्या कोब्याला जवळजवळ दोन महिने, तेही हवा चांगली असेल तर. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या लावलेल्या, शेजारच्या खोलीत पुट्टी आणि रंग चालू, अशा फ्लॅटमध्ये वाळणं जवळजवळ थांबतं. साइटच्या वेळापत्रकात पाणी मारायचे दिवस नोंदलेले असतात, पाणी मारायला माणूस नेमलेला असतो. वाळायचे दिवस नोंदलेलं वेळापत्रक मात्र मला अपवादानेच दिसतं.

आणि कोबा वाळला हे ठरवतं कोण? बहुतेक ठिकाणी तळहात. हात टेकवून ‘सुखा है’ म्हटलं की काम सुरू. वरचा रंग पांढरट पडला तरी आत ओल भरपूर असू शकते, आणि वर प्लास्टिकचा कागद व लाकूड टाकल्यावर तीच ओल हळूहळू वर येऊन अडकते. थोडी काळजी घेणारे लोक दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवतात. सकाळी त्याखाली थेंब दिसले तर उत्तर स्पष्ट आहे, काम थांबवा. थेंब दिसले नाहीत तर मात्र कोबा कोरडा आहे असं सिद्ध होत नाही. रात्री हवा थंड-गरम कशी होती यावरही ते अवलंबून असतं. खात्रीची मोजणी वेगळी. अमेरिकेतल्या एएसटीएम एफ २१७० या मानकाप्रमाणे काँक्रीटमध्ये भोक पाडून त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीवर, दोन्ही बाजूंनी वाळणाऱ्या स्लॅबमध्ये २० टक्के खोलीवर, सेन्सर ठेवतात, २४ तास थांबतात आणि आतली आर्द्रता वाचतात. ब्रिटिश पद्धतीत लाकडी फरशीसाठी ७५ टक्क्यांची मर्यादा धरतात. जर्मन मंडळी कोब्याचा चुरा करून तो कॅल्शियम कार्बाइडबरोबर बंद बाटलीत हलवतात. पाणी आणि कार्बाइड मिळून ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओल कळते. साध्या सिमेंट कोब्यासाठी २ टक्के ही तिथली रूढ मर्यादा. यातलं काहीही आपल्याला न झेपणारं नाही. १८० चौरस फुटांच्या बेडरूममध्ये चांगल्या ओकची फरशी सहज लाखाच्या घरात जाते. तिच्यासाठी एका दिवसाची मोजणी महाग वाटावी, हे मला पटत नाही.

घाई खरोखरच टाळता येत नसेल तर कोब्यावर ओल अडवणारा इपॉक्सीचा थर देता येतो. मात्र तो किती ओलीपर्यंत टिकतो ते त्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं, म्हणजे मोजणी पुन्हा आलीच. ‘खाली फोम टाकलाय ना’ हे उत्तर तर मी रोज ऐकते. २ मिलिमीटरचा फोम पाय मऊ पडावा आणि आवाज कमी यावा म्हणून असतो. ओल अडवते ती त्याखालची पॉलिथिनची शीट. तिचे जोड वीतभर एकमेकांवर चढवून टेपने बंद केले आणि कडा भिंतीपाशी वर वळवल्या, तरच.

पातळीबद्दल थोडक्यात. सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी कोब्यावर ठेवली तर तिच्याखाली एका सुतापेक्षा, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पोकळी दिसू नये. हे आपल्या सुतारांना कुणी शिकवायला नको. सूत त्यांच्या हाडात असतं. पण उंच भाग घासायचा आणि खड्डा भरायचा खर्च कुणाचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून मिस्त्री खड्ड्यात फोमची दुहेरी घडी सरकवतो आणि पुढे जातो. सहा महिन्यांत त्या जागेवर पाय पडला की फळी दबते, तिची लॉकची जीभ घासत राहते, चरचर सुरू होते आणि एक दिवस लॉक तुटतं.

फरशी तपासायला गेले की मी आधी कुणाला काही विचारत नाही. खोलीच्या दारात उभी राहते आणि बिघाड कुठे सुरू होतो, कुठे विरतो ते बघते. जागा बरंचसं सांगून टाकते.

फळ्यांच्या कडा वर उचललेल्या आणि मधला भाग खोल, उलट्या ठेवलेल्या कौलांच्या ओळींसारखी फरशी दिसत असेल, तर खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा ओली आहे. हे सगळ्या खोलीभर सारखं दिसलं आणि घर नवं असलं, तर कोबा ओला होता. फुगवटा बाथरूमच्या भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि पलंगाकडे जाता जाता कमी होत असेल, तर मी फरशी सोडून बाथरूमकडे वळते. आपल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली सोडून वर विटांच्या तुकड्यांचा आणि कोब्याचा भराव करतात. नहाणी ट्रॅपच्या भोवती सांधा सुटला की पाणी त्या भरावात साठतं आणि भिंतीच्या तळातून बेडरूमच्या कोब्यात झिरपतं. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला डाग पडायच्या कितीतरी आधी वरची लाकडी फरशी हे सांगते. मिस्त्रीने फळ्या कितीही नीट लावल्या असत्या तरी ती फुगलीच असती. बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी फुगवटा असेल तर दाराच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली सापडतात. एसीच्या खाली असेल तर ड्रेनचा पाइप. अशा वेळी फळ्या बदलून काही साधत नाही. पाण्याची वाट बंद केल्याशिवाय नव्या फळ्याही त्याच मार्गाने जातात.

खोलीच्या मध्येच फरशी तंबूसारखी वर उठली असेल तर कारण वेगळं. तिला पसरायला जागाच नव्हती. चारही भिंतींपाशी १० ते १५ मिलिमीटरची फट सोडायची असते आणि ती स्कर्टिंगखाली झाकायची असते. मी स्कर्टिंग काढून बघते. पुष्कळदा फळी भिंतीला टेकलेली असते. पण फट सोडूनही फरशी उठल्याची उदाहरणं आहेत. तरंगती फरशी, म्हणजे खाली न चिकटवलेली, ही एक अखंड चादर म्हणून इकडून तिकडे सरकायला हवी. तिच्या डोक्यावर मॉड्युलर वॉर्डरोब बसवला, खालून खिळवला, की ती चादर त्या जागी ठोकली गेली. एका घरात हॉलपासून तीन खोल्यांत सलग फरशी नेली होती, उंबऱ्यापाशी एकही जोडपट्टी नव्हती, आणि फरशी पॅसेजमध्ये उठली होती. भिंतीपाशी फट व्यवस्थित होती. शेवटी सापडला तो दाराचा मॅग्नेट स्टॉपर. कुणीतरी ड्रिल करून तो फळीतून थेट स्लॅबमध्ये स्क्रूने आवळला होता. फरशीच्या मिस्त्रीचं काम संपून महिना झाल्यावर ही करामत दुसऱ्याच माणसाने केली होती, आणि बिल मात्र फरशीवाल्याचं अडकवून ठेवलं होतं.

उलटी तक्रार पुण्यातून येते, मार्च-एप्रिलमध्ये. दुपारची हवा ठणठणीत कोरडी, वर एसी दिवसभर. फळ्यांमध्ये फटी पडतात, वरच्या थरावर बारीक चिरा दिसतात. कधी वरचा थर आकसतो, गाभा आकसत नाही, आणि कडा वर येतात. बघणाऱ्याला वाटतं खालून पाणी आलं. म्हणून आधी हवा मोजायची. पाचशे रुपयांच्या आतलं आर्द्रतामापक घड्याळ भिंतीवर असतं तर हा गोंधळ झाला नसता. न्यू जर्सीतल्या आपल्या नातेवाइकांच्या घरांत हेच जानेवारीत घडतं, हीटरमुळे. तिथली घरं बघून आलेले लोक तशीच फरशी मागतात. मागणीत गैर काही नाही. फक्त तिथलं ऋतुचक्र लाकडासाठी आपल्याहून वेगळं आहे, हे विकणाऱ्याने सांगायला हवं.

ओकवर निळसर-काळे ठिपके पडले की सगळे बुरशी म्हणतात. पुष्कळदा ते लोखंड असतं. बाल्कनीची ग्रिल कापताना कटरचा भुसा उडून फळ्यांवर बसतो. दमट हवेत ओकमधलं टॅनिन आणि लोखंड यांची क्रिया होते आणि काळा डाग उतरतो. फॅब्रिकेटरचं काम आधी आणि लाकूड शेवटी, एवढा क्रम पाळला असता तर हे टळलं असतं.

आणि एक गोष्ट सांगताना मला राग आवरत नाही. फरशी खराब झाली की दुसरा बोट दाखवायचा माणूस म्हणजे घरी काम करणाऱ्या मावशी. ‘बादलीभर पाण्यानं पुसते.’ त्यांनी आयुष्यभर कडप्पा, मोझेक आणि व्हिट्रिफाइड टाइल्स पुसल्या. फिनाइल घातलेल्या पाण्यात पोछा बुडवायचा, हलका पिळायचा आणि फिरवायचा. लाकडाला ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं पुरतं हे त्यांना कुणी दाखवलं? रोजच्या पोछ्याने जोडांच्या कडा फुगतात हे खरं आहे. पण त्याची खूण वरून दिसते, जोडाजोडावर, आणि वावराच्या जागी जास्त. खोलीभर कौलं उलटी झालेली असताना मावशींच्या पगारातून पैसे कापणं हा निव्वळ अन्याय आहे, आणि तसं मी माझ्या अहवालात लिहिते.

दुरुस्तीतही तीच घाई नडते. कडा उचललेल्या दिसल्या की पॉलिशवाल्याला बोलावून फरशी घासून सपाट करतात. ती ओली असताना. मग पाणी बंद झाल्यावर, दोन-तीन महिन्यांत फळी वाळते, कडा खाली जातात आणि घासलेल्या कडांच्या मध्ये पोट वर येतं. वरचा थर ३ मिलिमीटरचा, त्यातला बराच भाग घासण्यात गेलेला. आता पुन्हा घासायलाही लाकूड उरत नाही. योग्य क्रम कंटाळवाणा आहे: पाण्याचं मूळ बंद करा, स्कर्टिंग काढा, हवा खेळू द्या, दर आठवड्याला ओलावा मोजून लिहा, आकडे स्थिरावेपर्यंत थांबा. कधी कधी फळ्या आपोआप पूर्ववत होतात. ज्या होत नाहीत त्या तेवढ्याच बदला.

थांबा असं सांगायला गेलं की समोर तारीख येते. गणपती, दसरा, दिवाळी, वास्तुशांतीचा मुहूर्त. लोकांच्या या ओढीचा मला आदर आहे. भाड्याच्या घरातून, ईएमआय भरत, वर्षानुवर्षं वाट पाहून माणसं इथवर आलेली असतात. पण गणपती येतात ते भाद्रपदात, हवा अजून ओलीच असते त्या दिवसांत. गणपतीआधी फरशी हवी म्हणजे ती श्रावणात बसणार. ‘पावसाळ्यात लाकूड बसवूच नका’ असा सरधोपट सल्लाही मी देत नाही, कारण मार्चमध्ये कोरड्या हवेत फळ्या भिंतीपर्यंत घट्ट ठोकल्या तर त्या जुलैत उठतातच. ऋतू कुठलाही असो, घर राहतं असल्यासारखं झालेलं हवं: काचा लागलेल्या, प्लास्टर-पुट्टी-रंगाचं ओलं काम संपलेलं, कोबा मोजलेला, आणि खोकी त्याच खोलीत दोन-तीन दिवस ठेवलेली. पोडियमच्या दमट पार्किंगमध्ये ठेवलेली खोकी ‘हवेशी जुळली’ असं कुणी म्हणू नये.

आता मिस्त्रीकडे येते. त्याला मजुरी चौरस फुटावर मिळते. जेवढं बसवलं तेवढे पैसे. सोसायटीत काम करायची वेळ सकाळी नऊ-दहापासून संध्याकाळी पाच-सहापर्यंत, मध्ये दुपारची सुट्टी, रविवारी बंद. अशा दिवसात त्याने कोबा तपासण्यात दुपार घालवली तर ती दुपार त्याच्या खिशातून गेली. ‘आज नाही बसवत, ओल आहे’ असं तो म्हणाला तर ठेकेदार दुसऱ्या मिस्त्रीला फोन लावतो. मी असे मिस्त्री पाहिले आहेत ज्यांना कोब्याकडे बघूनच शंका आली, त्यांनी तोंडाने सांगितलंही, आणि त्यांना ‘तू तुझं काम कर’ असं उत्तर मिळालं. पुढे फरशी फुगली तेव्हा त्यांचं ते वाक्य कुणालाच आठवलं नाही. त्यातच कंपन्यांच्या वॉरंटीत एक कलम बहुधा असतंच: फळी बसवली म्हणजे खालचा पाया योग्य असल्याची जबाबदारी बसवणाऱ्याने घेतली. हे कलम बारीक इंग्रजीत छापलेलं असतं, आणि ज्याच्यावर ती जबाबदारी टाकली त्याला ते वाचता येत नाही. आपल्या बाजारात माल विकायचा असेल तर बसवण्याच्या सूचना मराठीत आणि हिंदीत, ठसठशीत चित्रांसह, प्रत्येक खोक्यात असल्या पाहिजेत. हे न करता मिस्त्रीवर जबाबदारी ढकलणं मला अप्रामाणिक वाटतं.

‘आपल्या हवेत लाकूड टिकतच नाही, टाइल्स लावा’ असं म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचे सागवानी खांब उभे आहेत. कोकणातल्या घरांचे फळ्यांचे माळे, मुंबईच्या जुन्या चाळींतल्या सागाच्या तुळया आणि तक्तपोशी यांनी पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढले. त्या फळ्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून हवा मिळत होती. पावसात फुगल्या तरी दोन्ही बाजूंनी सारख्या फुगल्या आणि दिवाळीनंतर सारख्याच आकसल्या. शिवाय सुताराने लाकूड मुरवून, वाळवून मगच रंध्याला लावलं होतं आणि त्याला तेवढा वेळ दिला गेला होता. आज आपण त्याच स्वभावाचं लाकूड काँक्रीटवर, प्लास्टिकवर, एका बाजूने कोंडून टाकतो. मग निदान त्या कोंडलेल्या बाजूची ओल मोजणं हे आपलं कर्तव्य ठरतं.

बिल्डरने माहितीपुस्तिकेत ‘मास्टर बेडरूममध्ये लाकडी फरशी’ असं लिहून दिलं असेल तर ग्राहकाच्या हाती कायदा आहे. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष निदर्शनाला आणून दिला, तर तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. न केल्यास भरपाई मागता येते. लोकांना हे भिंतीच्या भेगांसाठी आठवतं, फरशीसाठी आठवत नाही. तक्रार लेखी करा, फोटोवर तारीख येऊ द्या, आणि बाथरूमची पाणी भरून ठेवण्याची चाचणी कधी झाली त्याची नोंद मागा.

फरशी तुम्ही स्वतः दुकानातून घेऊन बसवत असाल तर रेराचा आधार नाही. तिथे तुमचा करार हा मुख्य आधार. त्यात मजुरीचा दर आणि तारीख एवढंच नको. कोब्याची आणि फळ्यांची ओल कोण मोजणार, कशाने, आकडा कितीच्या खाली हवा, पातळीचा खर्च कोण देणार, हे चार ओळींत लिहा आणि मोजणीच्या कागदावर दुकानदार, ठेकेदार आणि तुम्ही, तिघांच्याही सह्या घ्या. मोजणीचे पैसे चौरस फुटाच्या दरात दडवू नका, वेगळे द्या. आणि ओल जास्त निघाली म्हणून मिस्त्री अवजारं घेऊन परत गेला, तर त्या दिवसाची मजुरी त्याला मिळेल, हेही त्याच कागदावर लिहा.